जोडायची राहिलेली ओळ

दादाचा आणि माझा अबोला एव्हाना चांगला मुरला होता. कारण बाबा. यापुढे ते कोणाकडे राहणार यावरून आम्ही कडाकडा भांडलो. दोघांनाही ते आपल्याच घरी हवे होते. मी हट्टी, दादा माझ्याहून हट्टी, आणि हा गुण दोघांनी बाबांकडूनच उचललाय. काम मात्र एकाच ऑफिसात, समोरासमोरच्या टेबलांवर. एका हॉस्पिटलचं क्लाउडवरचं नेटवर्क आम्ही सांभाळतो.

आणि बाबा त्याच हॉस्पिटलच्या नव्या वॉर्डात. तिथे भेटायला बंदी, फक्त व्हिडिओ कॉल. सकाळी सिस्टरचा साधा फोन आला. "कॉल लागतच नाहीये हो. आणि बाबा हटून बसलेत. पोरांची तोंडं बघितल्याशिवाय ऑपरेशनला जाणार नाही म्हणतात. नुसता आवाज नको म्हणे. डॉक्टर थांबलेत!"

मी लगेच नेटवर्कचा कोड उघडला. नव्या वॉर्डचं सबनेट, म्हणजे नेटवर्कमधली त्यांची गल्ली, दादाने लिहिलं होतं. त्या गल्लीतून बाहेर कसं पडायचं ते सांगणारं रूट टेबल मी लिहिलं होतं. दोन्ही अगदी चोख. पण हे टेबल या सबनेटचं, असं सांगणारी जोडणी कोणीच लिहिली नव्हती. मला वाटलं तो लिहील, त्याला वाटलं मी. विचारणार कोण कोणाला? जोडणी नसली की सबनेट आपोआप अख्ख्या नेटवर्कच्या मुख्य रूट टेबलाच्या ताब्यात जातं, आणि आमच्या मुख्य टेबलात बाहेरचा रस्ताच नव्हता.

मी जोडणी लिहिली. जेमतेम चार ओळी. पण दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय आमच्याकडे कोड लागू होत नाही, आणि दुसरा म्हणजे दादा. नाक मुठीत धरून त्याच्या टेबलाशी गेले.

"दादा, बघतोस का जरा? बाबा अडून बसलेत."

त्याने वाचलं. एकच गोष्ट नव्याने जोडली जाणार होती, बाकी कशालाही धक्का नव्हता. "मीच लिहायला हवी होती गं," असं म्हणत त्याने होकार दिला आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मला रडूच आलं.

कॉल लागला. स्क्रीनवर बाबा दिसले.

"दोघं शेजारी शेजारी?" त्यांनी डोळे बारीक केले. "बरं, इथून सुटलो की कुणाकडे जायचं मी?"

"हिच्याकडे," दादा म्हणाला.

"दादाकडे," मी त्याच क्षणी म्हणाले.

"घ्या! आता कोणालाच नको झालो मी." बाबा पोट धरून हसले आणि सिस्टरकडे वळले. "चला, न्या मला."