उतरायचं कसं

पायरी एक: आधी डावा पाय बाहेर.

खोडते. आधी दार. ते वर उघडतं, कपाळ सांभाळावं.

गाडीबरोबर द्यायची पुस्तिका मीच लिहितेय, सीटही मीच शिवल्यात. आमची विजेवरची गाडी. सुसाट. आवाज नाही, धूर नाही, गिऱ्हाईक नाही. तळाला जाडजूड बॅटरी, वर दादाचा हट्ट: छत कमरेच्या वर जाता कामा नये. मधे उरलेल्या फटीत माणूस. माप दादाचंच, आणि दादा म्हणजे काडी.

"वीतभर उचल छत," मी तेव्हाच म्हणाले होते.

"रूप जाईल."

आज शेवटचं गिऱ्हाईक: सराफ, सोबत त्यांची सून. हे हुकलं की उद्या गाडी मोडीत, कारखान्याला टाळं.

पायरी एक, पुन्हा: आत शिरताना—

सराफ शिरले. आधी पोट, मागून ते. गेटाबाहेर बाणासारखे गेले, परतले ते शाळा सुटल्यासारखे. "काय पळते हो! घेतलीच समजा!"

दादानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मग सराफ उतरायला लागले.

पायरी दोन: डावा पाय.

पायरी दोन: नव्हे, आधी बूड सरकवावं.

पायरी दोन: कुणीतरी हात धरावा.

एक मी धरला, एक दादानं.

"अहो, खांदा उपटाल!"

"मामंजी, विहिरीतून काढतायत जणू!" सुनेला हसू आवरेना.

निघाले. रांगत. गुडघे झटकले. "गाडी सोनं आहे. पण चारचौघांत रांगायचं वय गेलं माझं." सून त्यांची गाडी आणायला गेली, ते गेटापाशी जाऊन उभे राहिले.

दादा इकडून तिकडे. तिकडून इकडे. थांबला. ग्राइंडर उचलला.

"दादा, अरे—"

"काका, जाऊ नका! पाचच मिनिटं!"

पातं छतात घुसलं. काळी पूड उडाली. ज्या रेघेला तो कुणाला बोट लावू देत नव्हता, तीच कापत सुटला. गेटापाशी सुनेची उंच गाडी लागली. सराफांनी कानांवर हात ठेवून एकदा मागे पाहिलं, पायरीवर पाय दिला, ताठ बसले. गेले.

ग्राइंडर थांबला. दादाच्या पापण्यांवर पूड, पाठ अजून गेटाकडे.

"आता बसून बघा, काका!"

मीच आत बसले. उठले. कुठेही हात न टेकता.

"जमलं?" त्यानं विचारलं.

"जमलं," म्हणाले, आणि त्याच्या आणि गेटाच्या मधे जाऊन उभी राहिले.