तेनराइचा अंगठा

उनोकी हारुओ दिवसभर वाकत असे. मिनातो बाजारात त्याचं माशाच्या वड्यांचं तीन पिढ्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की वाकायचं, गेलं की वाकायचं आणि वडी चिवट निघाली म्हणून कुणी कुरकुरलं, तर कपाळ काउंटरला टेकेपर्यंत वाकायचं. बासष्ट वर्षांत त्याने कुणाला 'चूक तुमची आहे' असं सुनावल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी बाजार संघाने 'आपल्या बाजाराचा एक महावीर हवा, मुलं येतील, मुलांमागे आया येतील' असं ठरवलं आणि हारुओने आपणहून हात वर केला, तेव्हा सगळे चाटच पडले.

त्याने उभा केलेला वीर म्हणजे तेनराइ. तो एका बोटाने ज्वालामुखी विझवायचा, फुंकर मारून वादळ माघारी धाडायचा. त्याला भूक नाही, झोप नाही, साधी सर्दीसुद्धा नाही. मुख्य म्हणजे तो कुणाहीपुढे वाकत नसे. पोशाखात अर्थात हारुओच. दुकानातला आख्खा आठवडा तो रविवारच्या त्या खेळाच्या जोरावर काढायचा.

पण खेळ सहा मिनिटांत आटपायचा. दुष्ट अष्टपाद सम्राट यायचा, तेनराइ बोट दाखवायचा, सम्राट पडायचा. सम्राटाच्या वेषात हारुओचा मेव्हणा गोहेइ, धंद्याने टोफूवाला.

"दाजी, एक फटका तरी मारू द्या की मला," तो काकुळतीला यायचा. "आठ हात शिवलेत ताईने, त्यातला एकही तुमच्यापर्यंत पोचू नये म्हणजे काय!"

"तेनराइला फटका बसत नाही," हारुओ म्हणायचा.

त्याची बायको चिझुको माईकवर असायची. तिची तक्रार वेगळीच होती. "अहो, इतर गावांतले वीर एकदा तरी आडवे पडतात. मग माईकवाली म्हणते, 'मुलांनो, जोरात ओरडा, गांबारे! नेट लाव!' पोरं घसा फोडतात, तो उठतो. पोरं येतात ती ओरडायलाच. मी काय सांगू त्यांना? झालं, जा आता घरी?"

"तेनराइला कुणाची मदत लागत नाही."

"म्हणूनच त्याला कुणी विचारत नाही."

आणि ते खरंच होतं. खेळ चालू असताना पोरं पलीकडच्या, नाणं टाकलं की खेळणं देणाऱ्या यंत्रापाशी जाऊन उभी राहायची. शेवटी संघाचे अध्यक्ष इनामुरासान दुकानात आले, दोन वड्या चाखल्या आणि म्हणाले, "उनोकीसान, पुढच्या महिन्यापासून रविवारी मुळ्याच्या सोंगाचा नाच ठेवावा म्हणतोय. मुळा गोंडस असतो. या रविवारी पोरांची सतरंजी भरली, तर मात्र बघू."

हारुओ वाकला. "आपण म्हणाल तसं." त्या दिवशी त्याने भात अर्ध्यावर टाकला. अंगावरून तेनराइ उतरला की मागे उरणार होता तो नुसता वाकणारा माणूस. ते त्याला सोसवेना.

चिझुकोला ते कळलं. ती म्हणाली, "निदान त्याला कुणाच्या तरी घरात न्या. ज्वालामुखीवर पोरं कुठे राहतात? एखाद्या म्हातारीच्या खोलीत घुसू दे तो सम्राट." एवढं मात्र हारुओने ऐकलं. कोपऱ्यावरच्या तातामीवाल्याकडून घरात अंथरतात तशा गवताच्या दोन कोऱ्या तातामी चटया आणल्या. "ओरखडा जरी पडला ना," तातामीवाल्याने बजावलं, "तर माझ्याशी गाठ आहे."

रविवारी निळ्या सतरंजीवर अकरा मुलं होती आणि त्यातल्या दोघांची पाठ रंगमंचाकडे होती. म्हातारीची खोली म्हणून अंथरलेल्या चटयांवर सम्राट आठही हात नाचवत होता. ढगांचा गडगडाट झाला आणि तेनराइ अवतरला.

"थांब, अष्टपादा!" तो गरजला. दणदण पावलं टाकत चटयांपाशी आला. कोऱ्या गवताचा वास मुखवट्यात शिरला आणि पाय आपसूक थबकले; तातामीवर बूट घालून कुणी जात नाही. तेनराइ कडेला बसला. त्याने बुटांच्या चेन उघडल्या, दोन्ही बूट काढले, टोकं बाहेरच्या बाजूला वळवून नीट जोडीने ठेवले आणि मग आत पाऊल टाकलं.

उजव्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"तेनराइचा अंगठा!" एक पोरगी किंचाळली आणि एकच हशा पिकला. पाठ करून बसलेले दोघेही वळले. हारुओला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात तीन वर्षं वाट पाहिलेल्या गोहेइने संधी साधली आणि एक हात सणसणीत हाणला. कोऱ्या चटईवर मोजा घसरला. महावीर उताणा.

उठायला गेला, तर उठता येईना. पोशाखाचं चिलखत जाड स्पंजाचं होतं आणि आडवं पडून कसं उठायचं हे त्याने कधी करूनच पाहिलं नव्हतं. हातपाय नुसते हवेत हलत राहिले. चिझुकोने हे ओळखलं.

"मुलांनो," ती माईकवर म्हणाली, "त्याला उठता येत नाहीये. खरंच येत नाहीये!"

"गांबारे!" ती पोरगी ओरडली. मग सगळीच ओरडू लागली. यंत्रापाशी गेलेली पोरं धावत आली, मासेवाली आपलं गिऱ्हाईक सोडून आली. "गांबारे, तेनराइ! गांबारे!"

गोहेइ वाकून कुजबुजला, "दाजी, हात देऊ का?"

"नको. पोरं बघताहेत," मुखवट्याआडून हारुओ म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला वाव नव्हता. जन्मात कुणी त्याच्यासाठी असं ओरडलं नव्हतं. तो कुशीवर वळला, गुडघ्यांवर आला, धडपडत उठला आणि पायाचा अंगठा पुढे करून त्याने सम्राटाला असा धक्का दिला, की गोहेइ मनापासून पडला.

टाळ्या थांबेनात. तेनराइ उभा राहिला आणि पोरांपुढे कंबरेतून वाकला.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात बायकांची रांग लागली. मुखवट्याआड कोण असतं, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. सर्वांत पुढे इनामुरासानांची सून, हातात लहानसा गुलाबी मोजा घेऊन उभी. मोज्याच्या टोकाला कात्रीने कापलेलं गोल भोक.

"कोरे मोजे होते हो! कापलेन् पोरीने. तेनराइसारखे हवेत म्हणे. आणि माझ्याच पोरीचे नाही, मागे बघा." मागच्या प्रत्येकीच्या हातात एकेक मोजा.

"माफ करा, फार त्रास झाला तुम्हाला," म्हणत हारुओ काउंटरला कपाळ टेकेपर्यंत वाकला. मग तसाच वाकून, जरा घाबरत त्याने विचारलं, "रविवारी... आणाल ना तिला?"

"न आणून करते काय? सासऱ्यांनी मुळ्याचं नाव काढणंसुद्धा सोडलंय. पहिल्या रांगेत जागा धरायला आजच स्वतःची बसायची उशी माझ्याकडे देऊन ठेवलीय त्यांनी."

हारुओ पुन्हा वाकला आणि वाकल्या वाकल्या त्याला हसू आवरेना.