दशरथचे ठिपके

बोरिवलीच्या नलिनीचा भाऊ दशरथ मालवाहू बोटीवर खलाशी होता. सत्त्याऐंशी साली फुटलेला एक तारा मुंबईतून दिसत नव्हता, पण दक्षिणेच्या समुद्रावरून त्याला दिसायचा. नलिनी कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिच्या हट्टापायी तो शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याचा उजेड पत्रातून कळवायचा.

पुढच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी तिने सगळे आकडे लॉग-आलेखावर मांडले, ज्यात ठरावीक दिवसांनी निम्मं होणं सरळ रेघेत दिसतं, आणि ती ओरडलीच, "बाबा, सरळ रेघ! दर सत्त्याहत्तर दिवसांनी उजेड निम्मा!"

"तारो फुटलो ना? मग उजेड खंयसून इलो?" गिरणीतून रिटायर झालेल्या लवूंनी विचारलं.

"स्फोटात किरणोत्सारी कोबाल्ट तयार झालं. त्याचं हळूहळू लोखंड होतंय, त्याच ऊर्जेवर तो उजळतोय. कोबाल्टही सत्त्याहत्तर दिवसांतच निम्मं होतं!"

"म्हणजे माझ्या झिलान बरोबर मोजल्यान!"

"एक ठिपका सोडून. एकतीस ऑगस्टला त्याला तारा दुप्पट दिसलाय."

तारीख ऐकून लवू खो खो हसत सुटले. "गो, त्याचो वाढदिवस तो! बाटली उघडली असतली!"

नलिनीने लगेच पत्र लिहायला घेतलं, "दादा, बाकीचे अकरा ठिपके झकास. वाढदिवसाला मात्र तारे मोजू नकोस." बाबांनी खाली ठसठशीत सही केली.