दिवा लागला नव्हता

लाँड्रीवाल्या भाऊची पिकअप त्या महिन्यात चौथ्यांदा मिस्त्रीच्या दारात उभी राहिली, तेव्हा मिस्त्री हातातला चहा खाली न ठेवताच म्हणाला, "आली का पुन्हा माहेरपणाला?"

एरवी भाऊ हसला असता. आज त्याने नुसती किल्ली काढून समोर धरली.

"आता काय झालं?"

"ब्रेकचा दिवा. लागतो, नाही लागत. तू मागच्या आठवड्यात स्विच बदललास ना, त्यानंतर चार दिवस बरा होता."

गाडीच्या वायरिंगची कामं करण्यात या मिस्त्रीचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. पण या गाडीने त्याच्याही नाकी नऊ आणले होते. आधी फ्यूज उडाला, तो बदलला. मग इंडिकेटर भुतासारखे आपोआप मिणमिणायला लागले, म्हणून बल्बचे होल्डर नवे टाकले. मग ब्रेकच्या दिव्याचा स्विच. दर वेळी मिस्त्रीच्या दारात सगळं झकास चालायचं, आणि दोन-चार दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

भाऊला गाडीचा त्रास होत होता हे खरं. पण त्याची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. ते कारण त्याने मिस्त्रीला सांगितलं नव्हतं. बायकोलाही तोंडाने सांगितलं नव्हतं, तरी तिला ते ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. दोन हॉस्पिटलांच्या चादरी आणि हिरवे गाऊन भाऊच्या लाँड्रीत धुवायला यायचे. मळलेले कपडे हॉस्पिटलातच औषधाच्या पाण्यात भिजवत आणि मग गाठोडी बांधून देत. अशी दहा-बारा ओली गाठोडी घेऊन भाऊ दुपारी चारच्या सुमाराला परत येत होता. वळणावर एक बाई हातगाडी ढकलत अचानक मध्ये आली. भाऊने करकचून ब्रेक दाबला. बाई वाचली. पण मागून धाडकन आवाज आला.

मागे स्कूटरवर घड्याळजी होते. बाजारात चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारे, अडुसष्ट वर्षांचे घड्याळजी. गाडीच्या मागच्या फाळक्यावर आपटून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं.

"दिवा लागला नाही," ते रस्त्यावर बसल्या बसल्या म्हणत होते. "अरे, दिवा लागलाच नाही तुझा."

लोकांनी गाठोडी फुटपाथवर काढून ठेवली, घड्याळजींना मागे आडवं केलं आणि भाऊने त्यांना हॉस्पिटलात नेलं. त्यांचा मुलगा शाळेत गणित शिकवायचा, तो धावत आला. हॉस्पिटलच्या फाटकातच त्याने भाऊला ब्रेक दाबायला लावला. मागचे दोन्ही दिवे लालबुंद लागले. एकदा नाही, पाच वेळा.

"बाबा, लागतोय दिवा," मुलगा म्हणाला होता. "तुम्हाला दिसला नाही."

चौकीत भाऊने जबाब दिला: दिवा चालू होता. त्यावर सही केली. आणि प्रकरण मिटलं.

प्लास्टर निघालं, तेव्हा मनगट आखडून गेलं होतं. पण त्याहून वाईट दुसरंच झालं. मुलाने स्कूटरची किल्ली काढून घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे; पण घड्याळजींना ते पटेना. समोरचा एवढा मोठा लाल दिवा ज्याला दिसला नाही, त्याने डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायच्या? त्यांनी दुरुस्तीला आलेली घड्याळं एकेक करून लोकांना परत दिली. गेल्या आठवड्यात भाऊने त्यांना चौकात पाहिलं होतं. सिग्नल हिरवा होता, समोरचा रस्ता मोकळा होता, आणि ते शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत होते, "जाऊ ना? जाऊ ना आता?"

भाऊ मान खाली घालून पुढे निघून गेला होता.

"मिस्त्री, मी एक सांगू का?" भाऊची बायको गाडीतून उतरत म्हणाली. आज ती मुद्दाम सोबत आली होती. "रोज गाडी अंगणात मागे घेताना मी 'या, या' करत पाठीशी उभी असते. अलीकडे लक्ष ठेवून पाहतेय, भरलेली गाडी येते तेव्हा दिवा नसतो. रिकामी झाली की असतो. तुमच्याकडे हे नेहमी रिकामी आणतात."

मिस्त्रीने चहा खाली ठेवला. "वहिनी, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही दोघं बोलत असताना माझं कोण ऐकतंय?"

गाठोडी आज गाडीतच होती, तीही तिच्याच सांगण्यावरून. भाऊने ब्रेक दाबला. दिवा नाही. मिस्त्री पाठ टेकून गाडीखाली शिरला. वरून थेंब थेंब पाणी गळत होतं. बराच वेळ नुसता त्याच्या बॅटरीचा उजेड इकडे तिकडे फिरताना दिसला. मग आतूनच आवाज आला, "सापडली!"

मागच्या दिव्यांची अर्थिंगची वायर जिथे चासीच्या लोखंडी सांगाड्याला नटाने आवळलेली होती, तिथे ती पार सडली होती. औषधाचं पाणी तिथेच टपकत होतं. दोन-चार तारा कशाबशा चिकटून होत्या. गाडीत वजन पडलं की वायर ताणली जायची आणि तारा सुटायच्या. वजन उतरलं की पुन्हा टेकायच्या.

"नवं दुखणं नाही हे," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "हिरवा थर चढलाय. वर्ष तरी झालं असेल. बसा, अर्ध्या तासात नवी वायर टाकून देतो."

वर्ष. इतके दिवस भाऊ स्वतःला समजावत होता, की हे दुखणं अपघातानंतर सुरू झालं, कदाचित धक्क्यानेच. आता ती पळवाटही बुजली. आणि त्याला आठवलं, अपघाताच्या आठवडाभर आधी एका ट्रकवाल्याने शेजारी येऊन हातवारे करत काहीतरी ओरडून सांगितलं होतं. पुढे जायची घाई असेल म्हणून भाऊने काचसुद्धा खाली केली नव्हती.

"टाक," तो म्हणाला.

मिस्त्री पक्कड घेऊन पुन्हा गाडीखाली गेला. बायकोने फक्त पदर खांद्यावर ओढून घेतला आणि दुसरीकडे पाहू लागली. सोळा वर्षांच्या संसारात भाऊला तिच्या बडबडीची कधी भीती वाटली नव्हती. तिच्या गप्प बसण्याची वाटायची. वायर नवी झाली, की दिवा कायमचा लागणार. मग कुणी विचारणार नाही, आणि कुणाला दाखवताही येणार नाही.

"थांब!" तो एकदम ओरडला. "कापू नकोस. आहे तशी राहू दे."

मिस्त्रीचं डोकं बाहेर आलं. "महिनाभर माझं डोकं खाल्लंत ही सापडावी म्हणून!"

"उद्या आणतो. उद्या टाक. आज मला ही अशीच हवी आहे."

बायको पुढे जाऊन गाडीत बसली. वाटेत भाऊने गाडी बैलगाडीच्या चालीने हाकली, आणि ती खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थोपवत राहिली.

घड्याळजींचं घर दुकानाच्याच वर होतं. रविवार असल्यामुळे मुलगाही घरी होता. दारातच उभं राहून भाऊने सांगून टाकलं, "काका, तुम्ही खरं बोलत होता. दिवा लागला नव्हता."

मुलगा ताडकन उठला. "काय? चौकीत तर तुम्ही..."

"तू थांब," घड्याळजी म्हणाले. त्यांनी चपला शोधल्या, आखडलेल्या हाताने कठड्याला धरत जिना उतरले आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. "दाब."

भाऊने आत बसून ब्रेक दाबला. आरशात त्याला म्हातारा दिसत होता, पुढे वाकलेला.

"दाबलास?"

"दाबलाय, काका."

"सोड. पुन्हा दाब." असं सात-आठ वेळा झालं. मग त्यांनी मुलाला जवळ ओढलं. "तुला काय दिसतंय? माझ्यासाठी बोलू नकोस. तुला जे दिसतंय ते सांग."

मुलाने वाकून दोन्ही दिवे पाहिले. "नाही लागत, बाबा."

भाऊच्या बायकोने गाठोडी उतरवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. भाऊचा पाय ब्रेकवर तसाच होता. पाचवं गाठोडं जमिनीवर पडलं आणि घड्याळजी मुलाच्या आधी, खणखणीत आवाजात म्हणाले, "लागला! आता लागला!"

मग ते दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. मुलगा खांद्याला धरायला गेला तर त्यांनी त्याचा हात झटकला.

"दोन महिने," ते म्हणाले. "दोन महिने मी चहात साखर पडली की नाही, तेसुद्धा सुनेला विचारतोय."

भाऊ खाली उतरून त्यांच्यासमोर उभा राहिला. "काका, मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं ना? मग तेच सांगायचं होतंस. 'मला माहीत नाही' म्हणाला असतास, तर मी घरी येऊन या पोराशी भांडलो तरी असतो. तू म्हणालास, 'लागला होता.' सही करून म्हणालास."

भाऊने माफी मागितली. घड्याळजींनी ती ऐकली, पण 'असू दे' म्हटलं नाही. मुलगा मात्र बापाशेजारी पायरीवर बसला आणि आपल्या तळहातांकडे पाहू लागला. त्या दिवशी सगळ्यात जास्त राग त्याला कुणाचा आला असेल, हे भाऊला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो राग भाऊचा नव्हता.

सोमवारी भाऊने चौकीत जाऊन जबाब बदलून दिला. साहेबाने त्याला दोन तास बाकावर बसवून ठेवलं, आणि पुढे तीन महिन्यांसाठी त्याचं लायसन्स जमा झालं. मिस्त्रीने मागची सगळी वायरिंग नवी केली. गाठोड्यांखाली मोठा ट्रे बसवला. गाडी मेव्हणा चालवू लागला, आणि भाऊ लाँड्रीतच धुण्या-वाळवण्याला जुंपला. ब्रेकचा दिवा मग कधीच रुसला नाही. तरी भाऊ मेव्हण्याला रोज सकाळी तीनदा ब्रेक दाबायला लावायचा, आणि मेव्हणा मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचा.

घड्याळजींनी दुकान पुन्हा उघडल्याचं कानावर आलं. भाऊची तिकडे फिरकायची हिंमत झाली नाही. शेवटी बायकोच एके दिवशी जाऊन आली.

"सून म्हणत होती, आता घरात कुणी काही बोललं की लगेच 'मला दिसतंय, मला दिसतंय' करतात. जीव नकोसा केलाय म्हणे सगळ्यांचा. हसत होती सांगताना."

भाऊ चादरीची घडी घालत होता. "आणि हात?"

"भिंतीवरची मोठी घड्याळं करतात. मनगटी घड्याळं घेत नाहीत. बोटं वळत नाहीत तेवढी."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आता जेवढं आहे तेवढंच, म्हणाले." ती पुढे आली आणि तिने चादरीचं दुसरं टोक धरलं. "माझ्याशी बोलले दोन शब्द. तुमचं नाव नाही काढलं."

भाऊने मान हलवली. दोघांनी मिळून ती घडी पूर्ण केली आणि ढिगातली पुढची चादर ओढली.