माझं वजन कुणी विचारलं नाही

मी एक जुना प्रवासी डबा आहे. मोटारीच्या मागे जोडून न्यायचा, दोन चाकांचा, आत झोपायला पलंग आणि चहापुरती शेगडी असलेला. ‘जुना’ हा शब्द मी नाइलाजाने वापरतो. मित्रांनो, वापरून जुनं होण्यात मान असतो. मी मात्र उभा राहून जुना झालो. माझे टायर अजून कोरे आहेत आणि छपरावर शेवग्याच्या पाल्याचा थर बसला आहे.

माझा जन्म अंधेरीतल्या मरोळच्या गावठाणात, क्रुसाशेजारच्या अंगणात झाला. बर्नार्डने मला घडवलं. आयुष्यभर त्याने लोकांची गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करून जोडल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्याने मला हाती घेतलं ते बायकोसाठी. क्लॅरिसचा मणका दुखावलेला. तिला फार वेळ बसवत नाही आणि स्टेशनच्या जिन्यांचं तर नावच काढायला नको. तिची थोरली बहीण, सिस्टर ॲमांडा, सावंतवाडीकडच्या एका कॉन्व्हेंटमध्ये असते. तिच्या व्रताचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. असा दिवस आयुष्यात एकदाच येतो. “तुला मी तिथे नेणार म्हणजे नेणार,” असं बर्नार्डने क्लॅरिसला सांगितलं होतं. गाडीतून थोडं जायचं, वाटेत थांबायचं, माझ्या पलंगावर तिने पाठ टेकायची आणि पुन्हा निघायचं, असा बेत होता.

त्याने मला फार मायेने बनवलं. पलंगाची उंची क्लॅरिसच्या गुडघ्याशी मापून घेतली. दाराशी धरायला दांडा लावला. कागदपत्रंही रीतसर केली. सगळं गावठाण मला बघायला आलं आणि मी अगदी फुलून गेलो. पण मला ओढणार कोण, हा प्रश्न निघाला आणि तिथून माझा छळ सुरू झाला.

शेजारचा लवू मासळीची पिकअप चालवतो. तो आपणहून म्हणाला, “माझी गाडी घेवा काका. बर्फाचे पेटये घेवन घाट चडता ती.”

ती गाडी मी रोज बघत होतो. रुंद, बुटकी, आवाजाने घोगरी. तिला बघून माझा जीव भांड्यात पडला. पण बर्नार्डने नाक मुरडलं. “जुबिलीला मासळीच्या गाडीतून उतरायचं? सिस्टर लोक काय म्हणतील?”

त्याचा मुलगा डॅरिल तर उडालाच. “पप्पा, वास कसला मारते ती! माझी नवीन गाडी आहे ना. सनरूफ आहे यार!”

सनरूफ! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी ओरडलो असतो. सनरूफने कुणाला ओढता येत नाही. त्या घरात महिनाभर चर्चा चालली. रंग जुळतो का, फोटो कसा येईल, गाणी कशी वाजतात, सगळं विचारून झालं. ती गाडी किती ओझं ओढू शकते हे कुणी विचारलं नाही. माझं वजन किती, हे तर कुणाच्या मनातही आलं नाही. बर्नार्डने लोकांची एवढी गेटं उचलली, पण मला पोटच्या पोरासारखं वाढवल्यामुळे मी त्याला हलकाच वाटत असणार.

मग पाद्रीबाबांना बोलावलं. त्यांनी माझ्यावर आणि गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं, हार घातले आणि डॅरिलने मला चर्चपर्यंत ओढत नेऊन परत आणलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अरे, पण मी रिकामा होतो!

आमच्या गावठाणाची रीत अशी की, आपल्यातलं कुणी समारंभाला निघालं की घराघरातून काहीतरी येतं. रिकाम्या हाताने कुणी जायचं नाही. निघायच्या सकाळी बाटल्या भरभरून मसाला आला. लोणच्याच्या बरण्या, जांभळाच्या वाइनचे कॅन, पितळी हंडी, तांदळाचं पोतं, सगळं आलं. माझं दार मागच्या बाजूला, म्हणून सगळं मागेच रचलं. माझी शेपूट खाली गेली आणि नाक वर उचललं गेलं. मी कुरकुरलो, सांधे वाजवले. “नवीन आहे ना, बसेल हळूहळू,” असं म्हणून डॅरिलने दार ढकलून लावलं.

पवईकडे जाताना जरा वेग वाढला तशी माझी शेपूट डोलायला लागली. मला थांबवता येईना. पुढची गाडीही डोलू लागली. पुढे चढावर सिग्नल लागला. तो सुटला, पण गाडी सुटली नाही. जळका वास आला आणि आम्ही मागे घसरायला लागलो. डॅरिलने कसाबसा ब्रेक धरला. बर्नार्डने उतरून माझ्या चाकाखाली दगड लावला. क्लॅरिस पुढच्या सीटवर जपमाळ मुठीत धरून बसली होती. “वाट लागली रे,” एवढंच तिने हळूच म्हटलं.

लवू आदल्या दिवशीच कोकणात गेला होता. दुसरी गाडी कुठून आणणार? शेवटी क्रेन आली आणि तिने आम्हा दोघांना घरी नेलं. मला पेलणारं वाहन मिळालं ते असं, उलट्या दिशेला जायला! सुवर्णमहोत्सव दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. क्लॅरिस त्या वेळी अंगणात खुर्ची टाकून माझ्याकडे पाठ करून बसली होती. मला त्या पाठीचा फार राग आला आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली.

काही दिवसांनी घोगरा हॉर्न वाजला. लवूची पिकअप गल्लीत वळली आणि पुढच्या सीटवरून पांढरी साडी सावरत सिस्टर ॲमांडा उतरली. साडीला मासळीचा वास येत होता आणि ती हसत होती. “झकास आले,” ती म्हणाली. “वाटेत चहासुद्धा पाजला ह्याने.”

बर्नार्डने मान खाली घातली.

दोघी बहिणी माझ्या आत येऊन बसल्या. क्लॅरिस पलंगावर आडवी झाली. मी कुठेही जात नव्हतो. माझ्या चाकांखाली विटा होत्या. ॲमांडाने मागच्या बरण्यांकडे बघितलं आणि दारातल्या बर्नार्डला सहज विचारलं, “हे सगळं भरलं की ह्याचं वजन किती होतं रे?”

बर्नार्ड खाली वाकला आणि माझ्या चाकाखालची वीट उगाच हातात घेऊन उभा राहिला.

मग क्लॅरिसने भिंतीकडे तोंड करून विचारलं, “बाय, माझी खुर्ची ठेवली होती का गं?”

“पहिल्या रांगेत,” ॲमांडा म्हणाली. “शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही तिच्यावर.”

मित्रांनो, कुणाला कुठे नेण्याचा शब्द द्याल तेव्हा दारातल्या गाडीची चमक बघू नका. न्यायचं ओझं आधी स्वतःच्या हाताने उचलून बघा. मला ते सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ती खुर्ची रिकामी राहिली.