सतरा नंबरच्या वटवाघळाची सुरी

मी सुरी बोलतेय. भाजी चिरायची नव्हे, खाटकाची तर नव्हेच. मी मेंदू कापायची सुरी. दचकू नका, मेलेल्या जिवाचाच मेंदू आणि तोही मेणात बसवलेला. जिवंत रक्त मी एकदाच काढलं, माझ्या माणसाच्या अंगठ्याचं, आणि त्यात चूक त्याची होती. बाकी माझ्यावर एक मोठा ठपका ठेवला गेला. तो खोटा होता. तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

जन्म माझा जर्मनीतला. वीतभर लांब, अंगाने जड, लाकडी पेटीत निजून मी बोटीने मुंबईला आले आणि तिथून एका विद्यापीठात. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. मीठ नाही, पण तेल खाल्लंय मी तिथलं. मेंदूच्या अभ्यासाची प्रयोगशाळा तिथे नुकतीच निघाली होती. हाताने फिरवायच्या एका यंत्रात मला आडवी बसवत. चाक फिरलं की मेणाचा ठोकळा माझ्यावरून खाली उतरे आणि मी त्याचा केसाहून पातळ पापुद्रा काढी. तो कोमट पाण्यावर पसरायचा, काचपट्टीवर उचलायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा.

पहिली काही वर्षं माझे हालच झाले. विद्यार्थ्यांनी मला कशीही वापरलं, ओली ठेवलं. एकाने तर माझ्यावर पेन्सिलीला टोक काढलं. तो आता मोठा साहेब आहे म्हणतात. असेल.

एकोणीसशे पासष्टच्या उन्हाळ्यात निवृत्ती आला. चिखली तालुक्यातल्या उंद्रीचा, भाजीपाला लावणाऱ्या घरातला. डॉक्टरेट झाली होती, दोन वर्षांची संशोधनवृत्ती मिळाली होती. म्हणजे धड विद्यार्थी नाही आणि धड मास्तरही नाही. शिपायाने त्याला 'साहेब' म्हणावं की नुसतं 'अहो' म्हणावं, हे दोन वर्षांत ठरलं नाही. दोन वर्षांत स्वतःच्या नावाचा शोधनिबंध छापून आला तर विभागात कायमची जागा, नाहीतर गाशा गुंडाळायचा, एवढा साधा हिशेब होता.

त्याने मला खिडकीपाशी नेलं, डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाला, "काय हाल केले बाई तुहे." मग आठवडाभर चामड्याच्या पट्ट्यावर मला घासत बसला. हे त्याला उंद्रीच्या न्हाव्याने शिकवलं होतं, कुठल्या पुस्तकाने नव्हे. घासताना तो माझ्याशी बोलायचा. "मा विचारते, डाक्टर झाला तं सुई काऊन नाई देत? काय सांगू तिले?" मी काय सांगणार? मी धार धरत होते.

त्याचा विषय होता वटवाघळाचे कान. रोहिणखेडच्या बाजूला एका पडक्या विहिरीत वटवाघळं होती, लहानपणी मामाकडे गेला की तो ती बघत बसायचा. अंधारात एवढासा किडा नेमका कुठे आहे हे त्यांना कसं कळतं? दोन्ही कानांकडून निघालेले धागे मेंदूत कुठेतरी भेटत असणार. कुठे भेटतात, ते त्याला बघायचं होतं.

विभागाचे प्रमुख उत्तमराव. सगळे त्यांना सर म्हणत. तेही बुलढाण्याकडचेच, म्हणून तर निवृत्ती त्यांच्या शब्दावर दुसरीकडची नोकरी सोडून आला होता. सरांच्या तोंडी दोन भाषा होत्या. काम करून घ्यायचं असलं की वऱ्हाडी निघायची: "निवृत्ती, तू माह्या पोरावाणी आहे बे. तेवढी पोरांची प्रॅक्टिकलं पाहून घे." आणि नाही म्हणायचं असलं की पुस्तकी मराठी. निवृत्तीला हे उमगलं नव्हतं. मला तिसऱ्या महिन्यात उमगलं, पण मला कोण विचारतो.

आता माझ्या खाचेची गोष्ट. कानाची नस तुटू नये म्हणून निवृत्ती मेंदूला कानाचं हाडही लागलेलंच ठेवायचा. असं कुणी करत नसे, कारण ते इवलंसं हाड आधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. सोळा वटवाघळं नीट झाली. सतरावं आम्लात होतं तेव्हा सर आले. "सोमवारी पाहुणे येऊन राह्यले. त्याहिले ताजं काही दाखवाचं हाय. काढ ते भायेर."

"सर, एक दिवस अजून लागते."

"एका दिवसानं काय होते बे?"

एका दिवसाने हे झालं, की चाक फिरवताना करकर वाजलं आणि मोहरीएवढ्या कच्च्या हाडाने माझ्या धारेत खाच पाडली. बाकीची धार पोरांनी आधीच कायमची घालवलेली, निवृत्तीने घासून जिवंत केलेला कामाचा तुकडा तेवढाच होता. धार काढायला मुंबईला धाडलं असतं तर दोन-तीन महिने गेले असते. निवृत्तीने तसंच कापलं. प्रत्येक पापुद्र्यावर एक बारीक रेघ उमटत गेली, मध्यापासून जरा उजवीकडे, नेमकी त्याच जागी.

आणि नशीब बघा, तोच जीव खरा ठरला. सतराव्याच्या काचपट्ट्यांत दोन्हीकडचे धागे एका पुंजक्यात येऊन भेटलेले स्वच्छ दिसत होते. निवृत्ती सूक्ष्मदर्शकावरून उठला, भिंतीला टेकून उभा राहिला, पुन्हा वाकून बघितलं. मग माझ्यावरून तेलाचा बोळा फिरवत म्हणाला, "दिसलं बाई." इतका आनंद मी माणसाच्या बोटांत पुन्हा कधी अनुभवला नाही.

सरांनी काचपट्ट्या आठ दिवस ठेवून घेतल्या. मग त्याला बोलावलं. "निवृत्ती, हे छेद प्रसिद्ध करण्याच्या योग्यतेचे नाहीत. प्रत्येकावर सुरीचा ओरखडा आहे. परदेशातले संपादक हसतील. काम नव्याने करावे लागेल." पुस्तकी मराठी. मी समजले. निवृत्ती मान खाली घालून "हो सर" म्हणाला.

नव्याने करायला वेळ कुठला? चार महिन्यांत मुदत संपली. निघताना सरांनी खांद्यावर हात ठेवला. "गावाले जाऊन ये. मी तुह्यासाठी जागा काढतोच. काचा राहू दे माह्यापाशी. अन् ही सुरी घेऊन जा, आठवण म्हनून. आता कायले कामाची?"

अशी मी उंद्रीला आले. गोजरबाईंनी, म्हणजे निवृत्तीच्या आईने, पेटी उघडून बघितली. "एवढी जड? वांगी चिराले तरी चालते काय?" निवृत्ती हसला नाही. त्याला बुलढाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. सरांचं पत्र यायची तो वाट बघत राहिला. मी पेटीत पडून एकच विचार करत होते, की माझ्यामुळे याचं वाटोळं झालं. खाच माझी आणि भोग याचे. लोखंडालाही लाज वाटते हो. मला त्या वर्षी गंज चढला तो नुसत्या पावसाळी हवेने नव्हे.

अडुसष्ट साली टपालाने एक पाकीट आलं. आत परदेशी मासिकात छापलेला शोधनिबंध, चकचकीत कागदावर. वर सरांच्या हातचं: 'चि. निवृत्तीस सप्रेम.' लेखक म्हणून एकट्या उत्तमरावांचं नाव. शेवटी बारीक अक्षरांत, छेद कापण्यात साहाय्य केल्याबद्दल आभार मानलेल्या तिघांत निवृत्ती दुसरा.

त्याने पानं उलटली. तिसऱ्या चित्रावर हात थांबला. दोन्हीकडचे धागे, मधला पुंजका, आणि मध्यापासून जरा उजवीकडे एक सरळ बारीक रेघ. त्याने मला पेटीतून काढलं आणि चित्राशेजारी ठेवलं. खाचेवरून बोट फिरवलं, चित्रातल्या रेघेवर ठेवलं. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं, मी आणि ती रेघ. छापायला लाजिरवाणी होती म्हणे. आता निम्म्या जगात फिरत होती.

मला काय वाटलं सांगू? आधी सुटल्यासारखं वाटलं, की दोष माझा नव्हता. मग संताप आला. दीड वर्ष मी फुकट झुरले. आणि याने त्या माणसाला देवासारखं मानलं.

त्याच हिवाळ्यात बुलढाण्यात सरांचा सत्कार ठरला. जिल्ह्याच्या सुपुत्राचं नाव परदेशात झळकलं ना! त्या दिवशी दुपारी निवृत्ती मला पिशवीत घालून सरांच्या मुक्कामी गेला. टेबलावर मासिकाचं पान ठेवलं, शेजारी मला. सरांचा चेहरा क्षणभर उतरला. सुरी बघून असेल. पण निवृत्तीने फक्त खाच दाखवली.

"काऊन बे," सर म्हणाले, "एवढ्याशासाठी मन दुखवून घेतलं? अरे, ओरखडा कोनाच्या डोयात भरते? कामच तेवढं चांगलं होतं."

काम चांगलं होतं. हे एक वाक्य ऐकायला माझा माणूस दोन वर्षं थांबला होता, आणि ते असं हाती आलं.

निवृत्तीने त्या दिवशी पहिल्यांदाच सरांशी पुस्तकी मराठीत बोलायला घेतलं. "सर, मला जागा नको. संध्याकाळी आपण भाषण कराल, त्यात हे एवढेच वाक्य सांगावे. काम कुणाचे होते, तेही."

"हाव, सांगतो ना," सर म्हणाले. वऱ्हाडीत.

सभेत सर तासभर बोलले. गावाचे पांग फेडले, आईचे उपकार सांगितले, पहिलीच्या गुरुजींचं नाव घेताना डोळे पुसले. टाळ्या झाल्या. निवृत्ती तिसऱ्या रांगेत, मी पिशवीत, त्याच्या मांडीवर. शेवटचं वाक्य होईपर्यंत त्याची बोटं पिशवीच्या बंदावर घट्ट होती. मग ती सैल पडली. तो उठला आणि सरळ उंद्रीच्या बसमध्ये बसला.

आज मी कॉलेजच्या कपाटात आहे. निवृत्ती मुलांना पापुद्रे काढायला शिकवतो, दुसऱ्या सुऱ्यांवर. मागच्या महिन्यात धार लावणारा उकंडराव आला होता. बाकीच्या सुऱ्या करून झाल्यावर त्याने मला उजेडात धरलं. "सर, ही खाच काढून देतो. दोन तासांत नवी करतो."

निवृत्तीने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या. तेवढंच छापून आलंय माह्यं."

तेव्हा एक विनंती. उद्या निवृत्ती नसेल, कपाट दुसऱ्याच्या ताब्यात जाईल, कुणा कामसू माणसाला मी खराब वाटेन. गंज खुशाल पुसा, तेल लावा, हवं तर माझ्यावर पेन्सिलीही तासा. पण ती खाच घासू नका.