तळ्याकाठचा आठवडा

थोरलीने पेनला टोपण लावलं आणि ते टेबलावरून हलकेच पलीकडे सरकवलं.

“माझी सही नाही मिळायची,” ती म्हणाली.

समोरचा सल्लागार दचकला नाही. त्याने पेन उचलून कागदांवर आडवं ठेवलं आणि चहाचा एक घोट घेतला. शेजारी बसलेली धाकटी मात्र बहिणीकडे बघतच राहिली. बेकरीच्या वरची ही तिची खोली भट्टीमुळे एरवी नेहमी ऊबदार असायची. आज फरशीला पाय टेकवत नव्हता. दुपारीच भट्टी बंद पडली होती आणि खाली धाकटीचा नवरा भट्टीच्या पोटात डोकं घालून बसला होता.

“ताई, आपलं फोनवर ठरलं होतं.”

“ऐकून घेईन म्हणाले होते. घेतलं की ऐकून.”

प्रकरण त्यांच्या वडिलांपासूनचं होतं. निवृत्त झाल्यावर बाबांनी तळ्याकाठच्या एका हॉलिडे क्लबात आठवडा विकत घेतला होता. म्हणजे इमारत क्लबची, खोल्या क्लबच्या. वर्षातला एक ठरलेला आठवडा तिथे राहण्याचा हक्क तेवढा यांचा. बाबांमागे तो दोघी बहिणींच्या नावावर आला. राहा नाहीतर राहू नका, देखभालीचा खर्च दरवर्षी भरावा लागे, आणि तो दरवर्षी वाढे. दोघी नेमाने जात. धाकटीचा नवरा तेवढे दिवस बेकरी एकट्याने ओढायचा.

त्या जागेला सगळ्यात जास्त नावं ठेवायची ती थोरलीच. उशा दगडासारख्या, नळाला करंगळीएवढी धार, आणि तळं कसलं, शेवाळाचं डबकं. “बाबांनी पांढरा हत्ती पोसायला दिलाय आपल्याला,” असं ती परतीच्या बसमध्ये दर खेपेला म्हणायची. म्हणूनच असे आठवडे विकून देणाऱ्या, या सल्लागाराच्या रिसेल कंपनीचा फोन आला तेव्हा धाकटीला वाटलं होतं, ताई सही करायला धावत येईल.

“बघा, थोरल्या ताई,” सल्लागार म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, दवाखान्यात बोलावं तसा. “परदेशात राहणारं कुटुंब आहे. त्यांना हाच क्लब हवाय, हाच आठवडा. किंमत तुम्ही ऐकलीतच. तुमच्या बहिणीला नवी भट्टी घेऊनही वर उरतील.”

“ते कळलं. पण विकणारे आम्ही. आधी पैसे आम्ही का भरायचे?”

“हस्तांतराचा कर असतो. विक्री झाली की तुमचे तुम्हाला परत.”

“मग विक्रीतूनच कापून घ्या.”

“सरकारी काम आहे हो. आपल्या हातात असतं तर काय हवं होतं?”

थोरलीने क्षणभर विचार केला. “त्या कुटुंबाला फोन लावून द्या. मी बोलते.”

“तसं नियमात बसत नाही. आणि एक सांगतो, त्यांची ऑफर उद्यापर्यंतच आहे.”

“मग उद्या संपेल,” थोरली म्हणाली आणि खुर्चीला अडकवलेली पर्स घेऊन उठली.

धाकटी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. आवाज चढू नये म्हणून तिने दार ओढून घेतलं होतं.

“तुला काय जातंय गं सही करायला? तुझं पोट भट्टीवर नाही ना चालत.”

थोरली एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. “खरंय. लोकांचे दात पडतायत तोवर मला मरण नाही.”

“मस्करी नकोय मला. कारण सांग.”

“सांगितलं की. आधी पैसे मागतोय.”

“त्याने त्याचं उत्तर दिलं.”

थोरलीने कठडा धरला. मग एकेक पायरी जपून उतरत ती खाली गेली. भट्टीपाशी तिचा मेव्हणा कोपरापर्यंत काळा झाला होता.

“जमलं का, ताई?”

“नाही जमलं. हिचं काय म्हणणं?” तिने भट्टीकडे बघत विचारलं.

“म्हातारी झालीय, रुसते. मनधरणी चाललीय.”

त्याने अधिक विचारलं नाही. तिला हायसं वाटलं आणि त्याच वेळी लाजही वाटली.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. तसा एरवीही त्यांना निवांत बोलायला वेळ मिळायचा नाही. पहाटेच्या आधी धाकटीचा दिवस सुरू व्हायचा, आणि थोरली लॅबमधून घरी पोचेपर्यंत धाकटीचे डोळे मिटायला लागलेले असायचे. फोन आले तरी ते कामापुरते असायचे. आता तेही नव्हते.

भट्टी कशीबशी चालू झाली, पण एका बाजूने पाव कच्चा राहायचा आणि दुसऱ्या बाजूने करपायचा. धाकटी दर घाण्याला मध्येच ट्रे काढून फिरवायची. त्यातच सल्लागाराचा पुन्हा फोन आला. त्याने ते कुटुंब अजून थोपवून धरलं होतं, केवळ धाकटीसाठी.

“पण ताई ऐकत नाही,” ती म्हणाली.

“त्यांना कशाला त्रास देता? त्यांच्या नावापुढे तुम्हीच सही करा. घरातल्या घरात काय ते. कोणी बघत नाही.”

फोन ठेवून ती पीठ मळायच्या टेबलापाशी आली. टेबलावर पिठाचा पातळ थर होता. शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांच्याऐवजी कधी कधी ताईच सही करायची; तिच्या अक्षरातलं प्रत्येक वळण धाकटीला पाठ होतं. तिने बोटाने ते नाव पिठात लिहिलं. हुबेहूब आलं.

नवरा कधी मागे येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही. त्याने नाव वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि कणकेचा गोळा त्या नावावरच आपटून मळायला घेतला.

“भट्टी तुझीच आहे ना?” ती म्हणाली.

“माझीच आहे. म्हणून काय ताईंची सही आपण मारायची?”

ती हात धुवायला गेली. पाणी सोडून तशीच उभी राहिली. कोणी बघत नाही, तो म्हणाला होता. सही कोणी बघणारच नसेल, तर अर्धी संध्याकाळ तो त्या सहीसाठी का बसून होता? आणि सही लागत नसेल, तर मग लागतं काय? पैसेच ना?

तिने पंचाला हात पुसले आणि क्लबच्या वार्षिक बिलावरचा नंबर फिरवला. आजवर त्या नंबरावर तिने फक्त नळाच्या तक्रारी केल्या होत्या.

पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पैसे भरलेत का?”

“नाही.”

“बरं केलंत,” बाईंनी श्वास सोडला. “असल्या कुठल्याच कंपनीशी आमचा संबंध नाही. मेंबरांचे नंबर यांना कुठून मिळतात देव जाणे. गिऱ्हाईक वगैरे कोणी नसतं. कराच्या नावाखाली पैसे घेतात आणि फोन बंद. पुढे दुसरीच कंपनी फोन करते, गेलेले पैसे मिळवून देतो म्हणून, त्याची फी वेगळी. लोक तीही भरतात.”

धाकटी स्टुलावर बसली. “मग खरंच विकायचा झाला, तर किती येतील?”

“खरं सांगू? काही नाही. घेणारंच कोणी नाही. पण नको असेल तर क्लब परत घेतो. यंदाचा खर्च तुम्ही भरलाय, राहूनही आलात. एका अर्जावर दोघींच्या सह्या पाठवा. पुढच्या वर्षीपासून तुमच्यामागे कटकट नाही, आणि एक पैसाही भरायचा नाही.”

रविवारी दुपारी, सकाळचा माल संपल्यावर, धाकटी थोरलीच्या घरी गेली. दार उघडून थोरली बाजूला झाली. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर मासिकांची चळत होती. ती उचलून थोरलीने जमिनीवर ठेवली. खिडकीत प्लास्टरचा एक जबडा पडदा उडू नये म्हणून ठेवलेला होता.

“भट्टी?”

“लंगडतेय. जुन्या भट्टीचे भाग काढून बसवणारा एक जण मिळालाय. तो म्हणतो दोन-तीन वर्षं काढेल.”

धाकटी हात धुवायला आत गेली आणि अंधारात भिंत चाचपडू लागली.

“बटण बाहेरच्या बाजूला आहे,” थोरली म्हणाली. “बदलून घेतलं. झालं त्याला दीड वर्ष.”

बाहेर आल्यावर चहा घेता घेता धाकटीने क्लबच्या बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पिठात केलेल्या सहीचंही सांगितलं. थोरली ऐकताना बोटाने टेबलावरचा डाग खरवडत होती.

“मी तुला नाही नाही ते बोलले,” धाकटी म्हणाली. “आणि तू आम्हाला वाचवलंस. तुला पहिल्याच दिवशी कसं कळलं गं?”

थोरली डाग आणखी जोरात खरवडू लागली.

“मला काही कळलं नव्हतं.”

“एवढे प्रश्न विचारलेस त्याला.”

“काहीतरी विचारायला हवं होतं, म्हणून विचारले. मला तो माणूस बरा वाटला होता. त्याचे पुढचे दोन दात वाकडे होते बघ. मला वाटलं, लोकांना फसवायला निघालेला माणूस आधी दात नीट करून घेईल.”

धाकटीला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. “म्हणजे गिऱ्हाईक खरं वाटलं तुला?”

“हो.”

“पैसेही?”

“हो. तुझी भट्टी येणार, असंच वाटलं मला.” थोरलीने डागावरचं बोट उचललं. “तरी नाही केली सही.”

खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी लावायला धडपडत होतं, मागे-पुढे, मागे-पुढे. धाकटी त्या आवाजाकडे कान लावून बसली. राग यायला हवा होता. तो येईल म्हणून तिने वाटही पाहिली.

“तिथे तू उशिरापर्यंत झोपतेस,” थोरली म्हणाली. ती खिडकीकडे बघत होती. “मग उठतेस आणि तासभर कुणाशी बोलत नाहीस. गच्चीत चहा घेऊन नुसती बसतेस. मी शेजारी असते. एवढंच.” मग जरा थांबून म्हणाली, “पाणी तर काय, करंगळीएवढंच येतं तिथे.”

धाकटीने पर्स मांडीवर ओढून घेतली.

“अर्ज आणलायस ना? दे इकडे.”

“राहू दे. घाई नाही.”

“घाई कशी नाही? पुढच्या वर्षीचं बिल यायच्या आत गेलेला बरा. दे.”

थोरलीने चष्मा लावून अर्ज शेवटपर्यंत वाचला. दोन्ही ठिकाणी ठसठशीत सही केली, खाली तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरून ठेवला. मग तो धाकटीपुढे ठेवून ती कपबश्या उचलून आत गेली. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

धाकटीने अर्ज पर्समध्ये घातला. पर्स खांद्याला लावली, पुन्हा काढली आणि खुर्चीच्या पाठीला अडकवली. मग तिने नवऱ्याला फोन लावला.

“संध्याकाळचा घाणा तूच काढ. हो, ट्रे मध्ये फिरवायला विसरू नकोस... नाही, काही झालं नाही. ताई बरी आहे. मी इथेच राहतेय.”

आतला नळ बंद झाला होता. थोरली ओला हात पदराला पुसत दारात येऊन थांबली.

“किती दिवस?” पलीकडून नवऱ्याने विचारलं.

धाकटीने दाराकडे पाहिलं. थोरली पटकन आत वळली आणि तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

“बघते,” धाकटी म्हणाली.